सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला

परवा संध्याकाळी त्रिमूर्ती चौकात भाजी घेत होतो. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. बघतो तर आमच्या जुन्या कंपनीतला मेंटेनन्सचा पोरगा. पोरगा म्हणजे आता अडतिशीचा, दोन लेकरांचा बाप. पण मी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आयटीआय करून नुकता लागला होता, त्यामुळे माझ्यासाठी पोरगाच. म्हटलं, काय रे, आज सेकंड शिफ्ट नाही का? तर म्हणाला, "भाऊ, शिफ्टच संपली. महिना झाला."

मग चहा झाला. टपरीवर त्याने मोबाईल काढून मला एक रील दाखवली. नोकरी गेलेला कुठलातरी तरुण, त्याची रंगीत फूड व्हॅन, रात्रीची लायटिंग, मागे गाणं, आणि शेवटी महिन्याच्या कमाईचा एक आकडा. आकडा असा की आमच्या कंपनीच्या मॅनेजरनेही राजीनामा द्यावा. पोरगा म्हणाला, "साडेचार लाखात गाडी तयार मिळते भाऊ. ग्रॅच्युइटीचे आहेत, थोडा पीएफ काढतो, उरलेलं कर्ज. सिंहस्थ येतोय २०२७ ला. गर्दीच गर्दी. एका सिंहस्थात गाडी वसूल."

मी म्हटलं, "सिंहस्थ बारा वर्षांनी येतो बाबा. हप्ता दर महिन्याला येतो."

तो हसला, पण मनापासून नाही. म्हाताऱ्याने खोडा घातला असंच त्याला वाटलं असणार. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. माझ्या यादीत अंबड-सातपूरचे बरेच जण आहेत, त्यांची पुण्याला कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं आहेत, आणि त्या मुलांच्या ऑफिसातही हल्ली हेच बोलणं चालतं असं ऐकतो. ज्यांची गेली त्यांनी वाचावं. ज्यांची अजून आहे त्यांनी तर नक्की वाचावं.

माझी नोकरी ऑगस्ट २०२० मध्ये गेली. अंबडची कंपनी, नाव सांगत नाही, सांगून काही फायदाही नाही. एकोणीस वर्षं क्वालिटीला होतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, आणि आलेला माल परत पाठवायचा लाल टॅग, एवढंच माझं जग. एके दिवशी चार-चार जणांना आत बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक राजीनामा, टाईप केलेला, फक्त सही बाकी. दुसरा फुल अँड फायनलचा हिशोब. मी सही केली. आता सांगतो, ती माझी पहिली चूक. कपात केली तर कायद्याने दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते, नोटीस द्यावी लागते. राजीनामा लिहून दिला की कपात झालीच नाही, तुम्ही आपणहून गेलात, असं कागदावर होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या खोलीत पंखा फिरत होता, समोरचा माणूस चांगलं बोलत होता आणि मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. तुमच्यापुढे असा कागद आला तर एवढंच म्हणा, "घरी दाखवून आणतो." एका रात्रीने कुणाचं काही बिघडत नाही.

त्यानंतर मी नऊ दिवस डबा घेऊन घराबाहेर पडलो. घरी सांगितलंच नाही. फर्स्ट शिफ्टच्या वेळेला निघायचं, पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडी लावायची, झाडाखाली बसायचं, दुपारी डबा खायचा, साडेतीनला परत. चौथ्या दिवशी बघतो तर पलीकडच्या झाडाखाली आमच्याच पेंट शॉपचा एक जण. त्याच्याही मांडीवर डबा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काय बोलावं ते सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "आज काय भाजी?" आता हे आठवून आम्ही दोघं हसतो. तेव्हा दोघांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. लाज वाटणं साहजिक आहे, त्याबद्दल मी कुणाला उपदेश करणार नाही. पण ती लाज फार महाग पडते. तुम्ही नोकरीवर आहात असं ज्याला वाटतंय तो तुम्हाला काम कशाला देईल? पुढे मला पहिलं काम ज्याने दिलं, त्याला माझी नोकरी गेल्याचं मी स्वतः फोन करून सांगितलं म्हणून कळलं. ते नऊ दिवस मी झाडाखाली नाही, फोनवर घालवायला हवे होते.

दहाव्या दिवशी बायकोला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला चौथ्या दिवशीच कळलं. तुमच्या शर्टाला कंपनीचा वास येत नव्हता." कूलंटचा वास हो. एकोणीस वर्षं ती त्या वासावरून ओरडत होती.

मग आम्ही मुलीची जुनी वही घेतली आणि हिशोब मांडला. घर सिडकोचं, स्वतःचं, पण वरचा मजला काढला होता त्याचा हप्ता ६,८०० रुपये. किराणा, दूध, लाईट, मुलगा अकरावीला, मुलगी आठवीला, आईची बीपीची गोळी. हॉटेल, कपडे, यात्रा, सगळं शून्य धरून आकडा आला महिना साडेसतरा हजार. ग्रॅच्युइटी हातात आली होती १,९७,३०७ रुपये. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून १८ हजार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले एकोणीस वर्षं. हे सूत्र प्रत्येकाला पाठ पाहिजे, कंपनीने दिलेला आकडा ताडून बघायला. १,९७,३०७ भागिले १७,५००. अकरा महिने आणि वर थोडे.

त्या रात्री बायकोने वहीत त्या रकमेपुढे "रुपये" खोडून "महिने" लिहिलं. ११ महिने. आमच्या घरात त्या पैशाला पैसे म्हणायचंच नाही असं ठरलं. तीस हजारांचं सामान घ्यायचं म्हटलं की ती म्हणायची, "म्हणजे पावणेदोन महिने गेले." माणूस आपोआप विचार करतो.

आता दुसऱ्या एका सहकाऱ्याचं सांगतो, कारण पोरग्याची फूड व्हॅन बघून मला तोच आठवला. माझ्याच आठवड्यात त्याची गेली. हुशार माणूस, माझ्यापेक्षा हुशार. त्याने दिवाळीच्या सुमारास चहाची फ्रँचायझी घेतली. ग्रॅच्युइटी गेली, वर बायकोचं सोनं गहाण गेलं. दुकान झकास, भिंतीवर सुविचार, कुल्हड, टोपी घातलेला मुलगा. मला उद्घाटनाला बोलावलं तेव्हा मी पेढा खाऊन आलो आणि घरी येऊन, सवयीने, वहीत हिशोब केला. भाडं १२ हजार, मुलाचा पगार ९ हजार, गॅस-लाईट ३ हजार. झाले २४ हजार. दहा रुपयांच्या चहात त्याला सुटायचे चार. म्हणजे नुसतं दुकान उघडं ठेवायला महिन्याला सहा हजार कप, दिवसाला दोनशे. त्यावर घर चालवायला आमच्यासारखेच साडेसतरा हजार धरले तर आणखी दिवसाला एकशेसेहेचाळीस. साडेतीनशे कप, रोज, पावसातसुद्धा. तेही अशा वर्षी, जेव्हा लोक टपरीवर मास्क काढायला घाबरत होते.

मी त्याला ते सांगितलं नाही. पेढा खाल्ला होता ना. ते मला आजही टोचतं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले आणि शटर खाली गेलं ते गेलंच. पुढे ते फर्निचर कुणी फुकटही नेईना. तो आज सिक्युरिटीत बारा तास उभा राहतो. सोनं सुटलं की नाही हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

म्हणून मला त्या रीलचा राग येतो. रील खोटी असेलच असं नाही. कुणीतरी कमावतही असेल. पण ती रील नोकरी गेलेल्या माणसाला सांगते की तुझ्या हातात आज जो पैसा आहे तो लाव, धाडस कर. आणि नेमका त्याच आठवड्यात त्या माणसाचा मेंदू ठिकाणावर नसतो. तो घाबरलेला असतो, त्याला लोकांना काहीतरी दाखवायचं असतं. दुकान दिसतं. बोर्ड दिसतो. "काय करतो हल्ली?" याला उत्तर मिळतं. त्या उत्तरासाठी माणूस दोन लाख रुपये मोजतो.

मीही शहाणा नव्हतो. मी मिसळ केली! हसू नका. दर रविवारी घरून पार्सल. नाशकात मिसळीचा धंदा टाकणं म्हणजे गोदावरीत तांब्याने पाणी ओतणं. पहिल्या रविवारी चाळीस पार्सल गेली, सगळी नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी नेली. पाचव्या रविवारी अकरा. आठव्या रविवारी उरलेला रस्सा आम्ही सोमवारी दुपारी आणि रात्रीही खाल्ला. एकूण तोटा ४,३०० रुपये, म्हणजे आमच्या भाषेत एक आठवडा. बायको म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या मिसळीला नावं ठेवलीत, आता कळलं?" तरी मी त्या तोट्याला नावं ठेवत नाही. एका आठवड्याच्या किमतीत मला कळलं की मला स्वयंपाक विकता येत नाही. चहावाल्या मित्राला तेच कळायला सगळी ग्रॅच्युइटी आणि सोनं लागलं. फरक अकलेचा नव्हता, फक्त रकमेचा होता.

मग तो फोन. सातपूरला एक गाळेवाले आहेत, टर्निंगचे पार्ट करतात, सहा मशीन. आमच्या कंपनीला माल द्यायचे आणि त्यांचा निम्मा माल मी परत पाठवायचो. भांडणं व्हायची. यादीतल्या सगळ्यांना फोन करून झाले, शेवटी नाइलाजाने त्यांना केला. म्हटलं, साहेब, माझी नोकरी गेली, काही असेल तर सांगा. ते दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाले, "बरं झालं." मला वाटलं आता सूड. तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्याकडे कस्टमरचं ऑडिट आहे. माझ्याकडे कागद करणारा माणूस नाही. वीस वर्षं तुम्ही माझा माल परत पाठवला, आता तुम्हीच येऊन बसा आणि तो परत येणार नाही असं करा. रोजचे सातशे देतो, आठवड्याला दोन दिवस."

त्या गाळ्यात मी पहिल्या दिवशी गेलो आणि मला जे कळलं तेच आज सांगायचंय. त्यांना माझ्यासारख्या माणसाची गरज गेली दहा वर्षं होती. पण पूर्ण माणूस परवडत नव्हता. सहा मशीनच्या गाळ्याला महिना पंचवीस हजारांचा क्वालिटीवाला कसा परवडेल? त्यांना माझा एक तृतीयांश हवा होता. कंट्रोल प्लॅन लिहायला, गेज वेळेवर कॅलिब्रेशनला पाठवायला, तपासणीचे रिपोर्ट लावायला, ऑडिटरपुढे बोलायला. आणि असे गाळे त्या गल्लीत किती! मी एकोणीस वर्षं स्वतःला अख्खा विकत होतो, एकाच गिऱ्हाइकाला. तुकड्याने विकता येतो हे डोक्यातच आलं नव्हतं. सहा महिन्यांत चार गाळे झाले. दोघांकडे दोन-दोन दिवस, दोघांकडे एक-एक. सव्वीस दिवस गुणिले सातशे, १८,२००. वहीतल्या साडेसतरा हजारांच्या पुढे सातशे रुपये! त्या महिन्यात आम्ही बाहेर जाऊन मिसळ खाल्ली.

लोक कल्पक कल्पक म्हणतात ना, ते माझ्या मते हेच. नवं काहीतरी सुचणं नव्हे. आपण रोज जे करत होतो त्याचे तुकडे करून, यातला कुठला तुकडा कुणाला कमी पडतोय हे बघत हिंडणं. याच्यात कुणी रील करण्यासारखं काही नाही. एक माणूस रजिस्टर भरतोय, काय दाखवणार?

आमच्या घरात खरी कल्पक बायको निघाली. तिच्याकडे जुनं शिलाई मशीन. मास्क सगळेच शिवत होते, त्यात दोन रुपये सुटत नव्हते. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडणार असं जाहीर झालं. त्या दिवशी ती मुलीचा गणवेश काढून बघत बसली. दीड वर्ष शाळा बंद. पोरगी चार बोटं वाढलेली. नवा गणवेश घ्यायचा तर आठशे-नऊशे रुपये, आणि तेव्हा कुणाकडे होते? ही उठली, कुंपणावर एक पुठ्ठा बांधला, "शाळेचा गणवेश वाढवून मिळेल, ४० रुपये." पँटची खालची दुमड उसवायची, कमरेला पट्टी सोडायची, ट्युनिकची शिलाई मोकळी करायची. पंधरा दिवसांत एकशेसाठ नग. ६,४०० रुपये, आणि भांडवल दोन दोऱ्याची रिळं! पुठ्ठासुद्धा माझ्या मिसळीच्या पार्सलच्या खोक्याचा होता. गल्लीतल्या प्रत्येक घरात एक वाढलेलं पोर होतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तिला ते काम म्हणून दिसलं, एवढाच फरक. आज ती तीन शाळांच्या पालकांचं हे काम करते, जून महिन्यात जेवायला वेळ नसतो.

आता कुणी म्हणेल, तुमच्याकडे कसब होतं, तुमचं जमलं. बरोबर आहे. आणि इथेच मला त्या "संकटात संधी" म्हणणाऱ्यांशी भांडायचंय. आमच्याच कंपनीत प्रेसवर बसणारी माणसं होती. बारा वर्षं दोन हातांनी दोन बटणं दाबायची. त्या कामाचे काय तुकडे करणार? त्या माणसाला "क्रिएटिव्ह हो" म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची पुस्तिका देणं. माझे मामा जुन्नरकडचे, लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामांनी गावाकडून भाजी आणून चाळीत दारोदार विकली, कुणाच्या घरी कधी पगार व्हायचा आणि कोण मेथी खातं हे त्यांना पाठ होतं, म्हणून जमलं. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. पण मामांच्या खात्यातले बाकीचे कुठे गेले, हे कुणी सांगत नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचंही कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पण त्या बायकासुद्धा एकेकट्या सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना एकत्र करून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, तेव्हा त्यांच्या मेहनतीला आधार मिळाला. हात चालायला आधी पायाखाली जमीन लागते.

ती जमीन आपल्याकडे किती आहे ते बघा. राज्य कामगार विमा योजनेत नोकरी गेलेल्या माणसाला सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस मिळण्याची सोय आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ ला आली तेव्हा पाव पगार होता, २०२० मध्ये निम्मा केला. पण विम्यात येण्याची मर्यादा महिना २१ हजार, माझा पगार त्याच्या वर, म्हणून मी बाहेर. आमच्या लाईनवरची कॉन्ट्रॅक्टची पोरं आत होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही ही योजना माहीत नव्हती. कंपनीने सांगितली नाही, ठेकेदाराने तर नाहीच. मला एका सायबर कॅफेवाल्याने सांगितलं! सहा जणांचे फॉर्म आम्ही बसून भरले. चौघांना पैसे मिळाले. दोघांचं आधारवरचं नाव आणि विम्याच्या कार्डावरचं नाव जुळेना. तुमचं जुळतं का, आज रात्री बघा. नोकरी असतानाच बघा.

मी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही चौकशी केली होती. तेव्हा सर्वसाधारण गटाला वयाची अट १८ ते ४५. माझं वय ४६. म्हणजे कंपनीला मी म्हातारा आणि योजनेलाही. कापणी पन्नाशीच्या आसपासच्यांची होते आणि योजना तेव्हा पंचेचाळिशीला संपत होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं का? पेंट शॉपवाला मित्र, तोच झाडाखालचा, त्याने सप्टेंबर २०२० मध्ये भाजीची हातगाडी लावली. पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांचं स्वनिधी कर्ज तेव्हाच निघालं होतं. पण ते २४ मार्च २०२० च्या आधीपासून रस्त्यावर असणाऱ्यांना. टाळेबंदीने ज्याला रस्त्यावर आणलं त्याला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला होती. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आपल्या राज्यात आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी मांडलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेलेली ती योजना, १९७७ ला तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकार हातांना काम मिळावं म्हणून कर द्यायचा. मला त्या कराचं कधी वाईट वाटलं नाही, आजही नाही, माझ्या आजीने खडी फोडून त्याच योजनेवर दोन वर्षं काढली. पण हा कर भरणाऱ्याचीच नोकरी गेली तर त्याच्यासाठी काय? काही नाही. मला खडी नको होती. मला तीन महिन्यांचा निम्मा पगार हवा होता, पगार २१ हजार असो की एकवीस हजार शंभर. तेवढ्यात माणूस शांत डोक्याने चार फोन करतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, मालकाने शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस त्यात भरायचे. पंधरा दिवस! पंधरा दिवसांत मला नवी मिसळसुद्धा जमली नाही. आणि तेही कपात झाली तर. राजीनाम्यावर सही केलेल्याला ते पंधराही नाहीत. सिडकोत दर निवडणुकीला उमेदवार दारात येतात. या वेळी आलेत तर गटारीबरोबर हेही विचारा.

परत पोरग्याकडे येतो. त्याला मी त्या टपरीवर विचारलं, "तुझ्या लेकराला ताप आला आणि व्हॅनवर तू नसलास तर वडे कोण तळणार?" उत्तर नव्हतं. मग विचारलं, "गेल्या पाच वर्षांत कंपनीबाहेर कुणी कुणी तुला बोलावून काय दुरुस्त करून घेतलं?" तो बोलायला लागला आणि थांबेचना. सासऱ्याच्या विहिरीचा पंप, सोसायटीच्या टाकीचं पॅनल, मित्राच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर, एका डॉक्टरांचा जनरेटर. सगळं फुकट किंवा चहावर. बेअरिंग जाणार की नाही हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो, हे मी स्वतः पाहिलंय. आठ-दहा मशीनच्या गाळ्याला पूर्ण वेळ मेंटेनन्सवाला परवडत नाही. मशीन बंद पडली की मालक चार ठिकाणी फोन लावतो आणि दोन दिवस काम थांबतं. पंधरा दिवसांतून एकदा येऊन सगळं ऐकून-बघून जाणारा माणूस त्याला हवाच असतो. सोसायट्यांचंही तसंच.

तो म्हणाला, "पण भाऊ, त्याला धंदा म्हणतील का?" मी म्हटलं, वायरमनचा परवाना चालू आहे का तेवढं आधी बघ, धंदा म्हणतील की नाही ते नंतर.

रविवारी सकाळी दहाला तो घरी येतोय. मी त्याला तीन गोष्टी आणायला सांगितल्यात. घरखर्चाचा खरा आकडा, बायकोने सांगितलेला, त्याने नव्हे. हातातल्या रकमेचे महिने. आणि ज्यांचं त्याने कधी काही दुरुस्त केलं अशा सगळ्यांची नावं फोन नंबरसकट. गाडीच्या बुकिंगचे पंचवीस हजार त्याने अजून भरलेले नाहीत. रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय, बघू.

तोवर अंबड, सातपूर, सिन्नरकडे कुणाच्या गाळ्यात महिन्यातून दोन-तीन दिवस मेंटेनन्सचा भरवशाचा माणूस हवा असेल, किंवा कुणाच्या सोसायटीचा पंप सारखा ट्रिप होत असेल, तर मला इनबॉक्सला सांगा. नंबर त्याला विचारून देतो. पहिली भेट फुकट नाही, हे आधीच सांगतो.